जनरेटर गाडीतून उतरवला, आता बोला

गोगलगाय
गेल्या महिन्यात आमच्या कॅम्परव्हॅनमधून पोर्टेबल जनरेटर उतरवला. २१ किलोचं धूड, सोबत पेट्रोलचा कॅन, नरसाळं, तेलकट फडकं. सहा वर्षं ही सगळी वरात मागच्या कप्प्यात होती आणि सहा वर्षं आमच्या उशांना पेट्रोलचा वास येत होता.

त्याऐवजी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या तीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या बसवल्या, टपावर ४०० वॅटची पॅनेल्स. एकेका बॅटरीत सव्वा युनिटच्या किंचित वर, म्हणजे तिन्ही मिळून ३.८ युनिट. फ्रिजला दिवसाला अर्धं युनिट लागतं. दोन लॅपटॉप, दिवे, पंखा, पाण्याचा पंप धरून रोजचा खर्च सव्वा युनिट. ऊन अजिबात नाही पडलं तरी अडीच-तीन दिवस निभतात, आणि चार तास नीट ऊन मिळालं तर आदल्या दिवशीचं भरून निघतं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्यासारख्या हौशी फिरणाऱ्यांना जनरेटरची आता गरज राहिलेली नाही, फक्त सवय उरली आहे. दोरी ओढून धडधड सुरू झाली की काहींना बरं वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडावं, पण आकडे घेऊन.

उघडादांडू
ताई, टपावर एसी आहे का? नसणार. एसी नसलेल्यानं जनरेटर अनावश्यक ठरवणं म्हणजे टकल्यानं कंगव्यावर बंदी घालणं झालं.

आकडे हवेत ना, घ्या. १३,५०० बीटीयूचा, म्हणजे टनाहून किंचित मोठा, टपावरचा एसी साधारण १३०० वॅट ओढतो. इन्व्हर्टरमधली गळती धरली की बॅटरीतून १४५० च्या आसपास जातात. कॉम्प्रेसर सलग चालला तर तुमच्या तिन्ही बॅटऱ्या मिळून अडीच तास. पुढे घामाघूम होऊन काय करता ते कळवा. माझा छोटा इन्व्हर्टर जनरेटर सलग १६०० वॅट देतो आणि हाच एसी दुपारभर ओढतो. अर्थात एसीला सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू उठवणारी डबी, बसवल्यावर. त्याआधी कॉम्प्रेसर उठायचा आणि जनरेटरचा लाल दिवा लागून सगळं बंद, कारण उठतानाच्या झटक्याला नेहमीच्या कितीतरी पट करंट लागतो.

वजनाचं म्हणाल तर चांगल्या लोडवर जनरेटर लिटरमागे सव्वा ते दीड युनिट देतो. म्हणजे तुमची एक अख्खी बॅटरी. ते लिटर भरतं पाऊण किलो, तुमची बॅटरी बारा किलो.

रात्रकिडा
दांडूभाऊ, तुम्ही गार, शेजारी गरम.

उघडादांडू
माझा ५० डेसिबलचा आहे. दोन माणसं हळू आवाजात गप्पा मारतात तेवढा.

रात्रकिडा
पुस्तिकेतला ५० हा पाव लोडवर, सात मीटरवरून मोजलेला. एसी जोडलात की तो साठीकडे सरकतो, आणि माझी खिडकी तुमच्यापासून सात मीटरवर नसते, चारवर असते. शिवाय तुमचा तरी इन्व्हर्टरवाला, लोड कमी झाला की इंजिन हळू होतं. मागच्या खेपेला आमच्या बाजूला एकानं उघड्या फ्रेमचा, बांधकामावर वापरतात तसला आणला होता. ५० हर्ट्‌झसाठी तो मिनिटाला ३००० फेरेच मारणार, मग त्यावर एसी लावा नाहीतर दाढीचं मशीन. सकाळी सहाला उठून बघतो तर त्याला एकच वायर जोडलेली. फोन चार्ज होत होता.

सुटलेला_स्क्रू
मला तर तिसऱ्याच माणसाची कीव येते. ज्याच्याकडे जनरेटर आहे आणि बॅटरी मात्र जुनी लेड-ॲसिड.

लेड-ॲसिड १८५९ पासून आहे, प्लांतेनं केली तेव्हापासून तिचा स्वभाव तोच. ८० टक्क्यांपर्यंत भराभर खाते, मग नखरे सुरू. वरच्या २० टक्क्यांना तासन्‌तास लागतात. मी एकदा क्लॅम्प मीटर अडकवून बसलो होतो. सुरुवातीला ४० अँपिअर जात होते. दोन तासांनी ११. त्यानंतरचे अडीच तास काटा पाच-सहाच्या आसपास रेंगाळला. पाच अँपिअर म्हणजे ७० वॅट. एवढं इंजिन धडधडतंय, पेट्रोल जळतंय, आणि त्यातून निघतंय काय, तर एक जुना पिवळा बल्ब पेटेल एवढी वीज. कंटाळून ८० वर थांबवावं तर तेही तिला चालत नाही. रोज अर्धपोटी ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि क्षमता कायमची घटते. खाली ५० टक्क्यांच्या पलीकडे उतरायचं नाही, वर ८० च्या पुढे जायला वेळ नाही, म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतले हातात किती राहिले? तीस.

लिथियमचं तसं नाही. चार्जर देईल तेवढं ती जवळजवळ शेवटपर्यंत घेते. ६० अँपिअरचा चार्जर लावला तर तासाला पाऊण युनिट सरळ आत. म्हणजे जनरेटरची खरी जोडी लिथियमशी जमते, आणि गोगलगायताईंनी नेमकी ती जुळल्यावर जनरेटर उतरवला.

पाठीवर_बिऱ्हाड
स्क्रूभाऊंचा मीटर खोटा नाही. पण सगळे उन्हाळ्यातच फिरतात असं धरून चर्चा चाललीय.

मी थंडीत फिरतो. पहाटे बाहेर उणे चार. नऊ वाजता लख्ख ऊन पडलं, शेजारच्या लिथियमवाल्याच्या पॅनेलांवर ऊन मावत नव्हतं आणि बॅटरीत एक अँपिअर जात नव्हता. शून्याच्या खाली चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते, म्हणून तिचा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, चार्जिंगच तोडतो. तो बिचारा हेअर ड्रायर घेऊन बॅटरीपुढे बसला होता. हेअर ड्रायर चालत होता माझ्या जनरेटरवर. माझी लेड-ॲसिड तोवर निमूटपणे चार्ज होत होती. तिला फक्त रिकामी ठेवायची नाही. उतरलेली लेड-ॲसिड थंडीत गोठून फुटते, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय.

गोगलगाय
काका, त्या बॅटऱ्या बाहेरच्या खोक्यात असणार. आमच्या सीटखाली आहेत, जिथे आपण झोपतो त्याच हवेत. लिथियम हायड्रोजन सोडत नाही, म्हणून तिला आत ठेवता येतं. तुमची पाणी घालायची लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला हवेशीर कप्पा लागतो. आत रात्री सहा-सात अंशांच्या खाली जात नाही. वापरायला तर लिथियम उणे वीसपर्यंत चालते, नकार फक्त चार्जिंगला.

आणि थंडीचं बोलायचं तर उंचीचंही बोला. ३००० मीटरवर हवा विरळ, इंजिनची ताकद जवळजवळ एक तृतीयांशानं कमी. दांडूभाऊंच्या १६०० चे होतात अकराशे, आणि त्यात त्यांचा एसी उठत नाही.

उघडादांडू
३००० मीटरवर एसी कोण लावतं?

गोगलगाय
बरं, तो मुद्दा तुमचा.

काठावरची
वर कुणीच धुराचं बोललं नाही, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमचा जनरेटर गाडीच्या मागे तीनेक मीटरवर होता, धुराड्याचं तोंड गाडीच्या उलट दिशेला. दुपारी वारा फिरला. मुलगा म्हणाला डोकं दुखतंय, मला वाटलं ऊन लागलं. थोड्या वेळानं मलाही मळमळायला लागलं आणि तेवढ्यात छतावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. बाहेर येऊन गवतावर बसलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो पेट्रोलच्या धुराचा वास, आणि तो आला नाही म्हणून आपण निश्चिंत राहतो. अलार्मची बॅटरी मी त्याच आठवड्यात बदलली होती, तीही त्याची पिकपिक ऐकून वैताग आला म्हणून.

जनरेटर खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर, आणि झोपताना बंद. आवाज कमी आहे म्हणून लोक तो गाडीला खेटून ठेवतात, पावसात तर छताच्या कनातीखाली. कृपा करून असं करू नका. मी जनरेटर विकला नाही, पण आता लांब केबल घेतली आहे, आणि गाडीत दोन अलार्म.

उघडादांडू
ताई, यावर मी वाद घालणार नाही. सहा मीटर कमीत कमी, आणि वारा बघून जागा बदलायची.

फक्त बॅटरीवाल्यांनी लगेच हुश्श करू नये. १२ व्होल्टवर २००० वॅट काढायचे म्हणजे वायरमधून १७० अँपिअरच्या वर जातात. एका मित्राच्या गाडीत इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, सैल होता. किटली लावली, पाणी उकळायच्या आत प्लॅस्टिक जळाल्याचा वास. उघडून बघितलं तर केबलचं आवरण तीन बोटं वितळलेलं आणि तांबं निळं-काळं पडलेलं. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता, ‘नंतर बसवू’ म्हणून राहिलेला. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी चिकटून हवा, केबल जाड हवी, आणि नट पान्यानं आवळलेला हवा. हातानं फिरवून ‘बसला’ म्हणायचं नाही.

बेडूकउडी
मी नवीन आहे. जुनी व्हॅन घेतली, एसी नाही, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार बाहेर. जनरेटर घेऊ, बॅटऱ्या बसवू, की ते तयार पॉवर स्टेशन मिळतं ते? हँडल असलेला खोका. आणि गाडीच्या इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर असतो, त्यावरून चार्ज केलं तर पॅनेलसुद्धा लागणार नाहीत ना?

सुटलेला_स्क्रू
दोन रात्रींसाठी खोका पुरे. एक युनिटवाला घ्या. त्यात बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर एकत्रच असतात, त्यामुळे त्यातलं एक बिघडलं की सगळाच खोका दुरुस्तीला जातो. पण तुम्हाला गाडीत वायरिंग करावं लागत नाही, आणि वरचं लग-पुराण वाचल्यावर हे छोटं सुख वाटणार नाही.

अल्टरनेटर म्हणाल तर जपून. लिथियम बॅटरी सरळ जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू ठेवलंत तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, भार मात्र पूर्ण, आणि तो भाजून निघतो. मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. ३० अँपिअरचा घेतला तर साधारण ४०० वॅट, म्हणजे दोन तास प्रवासात पाऊण युनिट. रोज गाडी हलवणाऱ्याला खरंच पॅनेल लागत नाहीत. एका जागी पाच दिवस मुक्काम ठोकणाऱ्याला लागतात.

आणि झोपताना इन्व्हर्टर बंद करा. नुसता चालू राहिला तरी वीसेक वॅट खातो. दिवसभराचं धरलं तर ते फ्रिजएवढं होतं, आणि लोक शिव्या देतात फ्रिजला.

पाठीवर_बिऱ्हाड
गोगलगायताई, एक विचारू? जनरेटर उतरवल्यावर लांबचा मुक्काम झाला का एखादा?

गोगलगाय
झाला. नऊ दिवसांचा. विचारणार हे माहीत होतं.

पहिले चार दिवस मजेत. पाचव्या दिवसापासून ढग, आणि आम्ही दाट झाडीत. ४०० वॅटच्या पॅनेलमधून दिवसभरात पाव युनिटसुद्धा निघालं नाही. सातव्या सकाळी स्क्रीनवर १९ टक्के. लॅपटॉप बंद, फ्रिजची थंडी दोन अंशांनी कमी, आणि मग गाडी काढून विनाकारण दोन तास रस्त्यावर फिरलो. त्यात पेट्रोल किती गेलं ते मी मोजलं नाही, मुद्दामच. नवरा एकच वाक्य बोलला, ‘शांतता आहे बाकी.’

तरीही माझं मत बदललेलं नाही. नऊ दिवसांतले दोन वाईट गेले म्हणून २१ किलो आणि तो वास वर्षभर बाळगायला मी तयार नाही. चौथी बॅटरी बसेल का ते बघतेय. जागा आहे, नेमकी जनरेटरच्या कॅनची.

उघडादांडू
चौथी बॅटरी ढगाला काय करणार? रिकामी भांडी वाढवून पाऊस पडत नाही, ताई. तो जनरेटर विकलात का?

गोगलगाय
नाही अजून. जिन्याखाली आहे.

उघडादांडू
पेट्रोल काढून ठेवलंय?

गोगलगाय
कशातून?

उघडादांडू
अरे देवा. टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधून! महिना झाला ना? अजून वाचेल. आधी तो जिन्याखालून बाहेर काढा, घरात पेट्रोल भरलेलं इंजिन ठेवतात का? अंगणात नेऊन टाकी रिकामी करा आणि उरलंसुरलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं राहिलंच तर खालचा स्क्रू सैल करून थेंबन्‌थेंब काढा. नाहीतर काही महिन्यांनी जेटमध्ये डिंक होतो आणि मग कितीही दोरी ओढा. विकायचा असला तरी गिऱ्हाईक आधी सुरू करून बघणार.

रात्रकिडा
आणि सकाळी सहाला नको.

गोगलगाय
आत्ताच केलं, दुपारी चारला. तिसऱ्या हिसक्याला सुरू झाला. बंद पडायला अकरा मिनिटं लागली, तेवढ्यात दोन घरांच्या खिडक्या लागल्या. नवरा म्हणतोय, आणखी एक हिवाळा राहू दे जिन्याखाली.