चांगला फुटपाथ उखडून परत नवीन ब्लॉक बसवतायत, हे विचारायचं कोणाला आणि कसं?

खिडकीतली_तुळस
नमस्कार मंडळी, मी इथे नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. आमचं शहर मध्यम, महापालिका आहे, नाव मुद्दाम देत नाही. आमच्या गल्लीत शाळेच्या गेटपासून चौकापर्यंत फुटपाथ आहे, अडीच वर्षांपूर्वीच झालाय, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक. केबलवाल्यांनी खणलं तेवढा तुकडा सोडला तर एक ब्लॉक हलत नव्हता, माझी सासू रोज संध्याकाळी त्यावरूनच काठी टेकत देवळात जाते. गेल्या आठवड्यात सकाळी बघते तर चार माणसं पहारीने अख्खेच्या अख्खे ब्लॉक काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकतायत, आणि बाजूला नवीन राखाडी ब्लॉकचा ढीग. विचारलं तर म्हणे काम निघालंय. ज्युनिअर इंजिनिअरला फोन लावला, तो म्हणतो मॅडम वरून आलंय. वरून म्हणजे पाऊस आहे का??

आणि मागच्या गल्लीतलं ड्रेनेज दर पावसाळ्यात तुंबतं, तिथली बाई कमरेत वाकून पाणी उपसते, त्यासाठी तीन वर्षं "निधी नाही". इथे मात्र चौकात फ्लेक्स लागलाय, "यांच्या विशेष प्रयत्नांतून", हात जोडलेला फोटो, खाली वीस छोटे फोटो. पैसे आमच्या घरपट्टीतले आणि प्रयत्न यांचे.

नवरा म्हणतो कशाला नादी लागतेस. मला भांडण नकोय, पण हे कोणी ठरवलं आणि किती पैसे गेले एवढं तरी कळायला हवं ना. माहिती अधिकारात "हे काम का काढलं" असा अर्ज लिहून ठेवलाय, टाकू का?

सातबारा_वाचक
ताई, टाकू नका. म्हणजे अर्ज टाका पण तो नको. "का" विचारलं की ते हसत हसत उत्तर देतात की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही, आणि कायद्याने त्यांचं चूक पण नाही, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानेच २००८ मध्ये सांगितलंय की "का" चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. कागद मागायचा. कारण कागदातच सापडतं.

या एका कामाचं अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, आतापर्यंतची बिलं. आणि आधीच्या, अडीच वर्षांपूर्वीच्या कामाची पण वर्क ऑर्डर, त्यात दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती लिहिलाय ते बघायचंय. सगळं एकाच अर्जात कोंबू नका, आपल्याकडे २०१२ पासून १५० शब्द आणि एक अर्ज एक विषय असा नियम आहे, ते नेमकं त्यावरच परत पाठवतात. जुनं काम वेगळा अर्ज, नवीन वेगळा. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोच घ्या. ३० दिवस. नाही आलं तर प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प.

पण त्याच्याही आधी एक सोपी गोष्ट करा जी लोकांना माहितच नसते. २६ नोव्हेंबर २०१८ चा जीआर आहे, महापालिका, जिल्हा परिषदा वगैरेंमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाईली बघायला खुल्या ठेवायच्या. जीआर मोबाईलमध्ये डाउनलोड करून घेऊन जा, कारण टेबलावरच्या माणसाने तो बघितलेला नसतो.

झाली_का_चहा
मी पण असाच उत्साहात होतो एकेकाळी. अर्ज टाकला, अपील केलं, दुसरं अपील केलं, मग माहिती आयोगाची तारीख येईपर्यंत तो रस्ता दोनदा परत झाला 😀 राज्याच्या आयोगाकडे लाखाच्या घरात अपिलं पडून असतात. आणि दंड झाला तरी तो अधिकाऱ्याला, ज्याचा फ्लेक्स लागलाय त्याचं काय वाकडं होतं? आणि घाबरवत नाही, पण तळेगावचे सतीश शेट्टी विसरू नका, जमिनींचे घोटाळे काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले ते परत आले नाहीत. एकटीने करू नका एवढंच.

जुनी_एमबी
मी पालिकेत नव्हे पण सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो, म्हणून जरा आतलं सांगतो. सगळ्यात आधी हे समजून घ्या की फुटपाथ वाईट आहे म्हणून काम निघत नाही, बजेटच्या त्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या खात्यात, पैसे शिल्लक आहेत म्हणून निघतं. तरतूद ३१ मार्चला लॅप्स होते, मग जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांना आठवतं. ड्रेनेज लाईनला डिझाईन लागतं, खोदाई, वाहतूक पोलिसांची परवानगी, दोन उन्हाळे जातात, आणि झाल्यावर दिसत तर काहीच नाही कारण ते जमिनीखाली. पेव्हर ब्लॉक पंधरा दिवसांत होतो, फोटो छान येतो. म्हणून पेव्हर. यात दरवेळी कोणी पैसे खाल्लेलेच असतात असं नाही बरं का, निम्म्या वेळा नुसता आळस आणि घाई असते, पण पैसा वाया तो वायाच.

आता बघायचं काय. एक, दोष दायित्व कालावधी. तो संपलेला नसेल तर दुरुस्ती जुन्या ठेकेदाराने फुकट करायची असते, नवीन बिल निघणं हीच गडबड. दोन, ब्लॉकची जाडी. अंदाजपत्रकात ८० मिमी आणि जागेवर ६० मिमी हा फार जुना खेळ. एक ब्लॉक उभा करून शाळेची पट्टी लावली तरी कळतं. कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचा हक्क आहे, कलम २(ञ) बघा. तीन, आणि हे कोणी विचारतच नाही, जुने ब्लॉक कुठे गेले? चांगला निघालेला माल भांडारात जमा होऊन त्याची रजिस्टरला नोंद व्हायला पाहिजे. ती ट्रॉली कुठे रिकामी झाली ते विचारा.

चार, एमबीमधली लांबी स्वतः मोजा. टेपने. एमबी म्हणजे देव नाही, ती पण माणसानेच लिहिलेली असते, कधी कधी तर ऑफिसात बसून.

रोखठोक_७१
सगळं ठीक पण माहिती अधिकारवाले म्हणजे अर्धे ब्लॅकमेलर झालेत हे पण लिहा की. आमच्या गावात एकजण अर्ज टाकतो, ठेकेदाराला भेटतो, मग अर्ज मागे. त्याची स्वतःची नवीन चारचाकी आलीये.

सातबारा_वाचक
आहेत असे. म्हणून तर म्हणतो की मिळालेला कागद त्याच दिवशी गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांनी बघितलेल्या कागदावर सेटिंग काय करणार?

उंटावरचा_शहाणा
तुम्ही लोक वीस-पंचवीस लाखाच्या फुटपाथच्या मागे लागलाय. सिंचनात दहा वर्षांत ७० हजार कोटी गेले आणि २०११-१२ च्या सरकारच्याच आर्थिक पाहणीत ओलिताचं क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढलं असं छापून आलं, मग श्वेतपत्रिका काढून सरकारने वेगळाच हिशोब मांडला, आणि सामान्य माणूस बसला दोन्हीच्या मध्ये. मोठे मासे सोडून झिंगे पकडताय.

जुनी_एमबी
बरोबर आहे, पण ७० हजार कोटी तुम्ही मला मोजून दाखवा. धरण मोजायला कॅग लागतं, फुटपाथ मोजायला टेप. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये कोट किराना गावापासून जनसुनवाया चालू केल्या, काय केलं तर गावाच्या कामाची मस्टर रोल, म्हणजे मजुरांची हजेरी-मजुरीची यादी, लोकांसमोर मोठ्याने वाचली बस्स. ज्याच्या नावावर मजुरी उचललीये तो समोर उठून म्हणतो मी तर कामावर गेलोच नव्हतो. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा तिथली, ब्यावरचं १९९६ चं धरणं तिथलं, आणि २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. आपल्याकडे अण्णांच्या उपोषणांमुळे राज्याचा कायदा त्याच्याही आधी आला होता. सुरुवात झिंग्यापासूनच झाली सगळीकडे.

खिडकीतली_तुळस
उशिरा लिहितेय, पण अपडेट आहे म्हणून राहवलं नाही. (चहावाले दादा, एकटी नाही गेले, शेजारच्या निवृत्त मास्तरांना आणि मागच्या गल्लीतल्या त्या पाणी उपसणाऱ्या बाईंना घेऊन गेले, त्या सगळ्यात जास्त तापलेल्या होत्या.)

सोमवारी ३ ला पोचलो. क्लार्क म्हणाला साहेब साईटवर, असं काही नसतं, अर्ज करा. मोबाईलवर जीआर दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, आत गेला, मग खुर्च्या आल्या, पाणी आलं आणि पावणेचारला फाईल पण आली. फाईलला हळदीच्या रंगाची नाडी, वर तीन सह्या, एकही वाचता येत नाही.

जुन्या कामाचा दोष दायित्व कालावधी तीन वर्षं लिहिलाय. म्हणजे अजून सहा महिने बाकी होते!! नवीन अंदाजपत्रकात कारण काय तर "अस्तित्वातील फुटपाथ नादुरुस्त झाल्याने". फोटो जोडलाय तो केबलवाल्यांनी खणलेल्या तेवढ्याच तुकड्याचा, दोन वेगवेगळ्या कोनांतून. आणि एमबीत लांबी १८६ मीटर.

रविवारी सकाळी आम्ही मोजायला उतरलो. टेप घरातली, पाच मीटरचीच, मग काय, खडूने खूण कर, परत टेप लाव, खूण कर. नवरोबा आधी गॅलरीतून बघत होता, दहाव्या खुणेला खाली आला आणि टेपचं दुसरं टोक धरलं. अठ्ठावीस वेळा पूर्ण टेप आणि वर थोडंसं. १४१ मीटर. मास्तरांनी परत उलट्या बाजूने मोजायला लावलं, तरी १४१. जाडी मात्र बरोबर निघाली, ८० ची ८०, ते पण लिहायला पाहिजे.

जुन्या ब्लॉकची भांडारात नोंद दाखवा म्हटलं तर "बघून सांगतो".

अंतिम बिल अजून निघालेलं नाही, म्हणून आयुक्तांना पत्र दिलंय की संयुक्त मोजणी होईपर्यंत बिल थांबवा, प्रत मुख्य लेखापरीक्षकांना. एकोणचाळीस घरांच्या सह्या. दुसऱ्याच दिवशी फ्लेक्सवरच्या वीस छोट्या फोटोंपैकी एक फोटो घरी आला, ताई तुमच्याच गल्लीचं भलं करतोय ना आम्ही. सासूने त्याला चहा दिला आणि विचारलं, बाळा ते लाल-पिवळे कुठे नेलेस रे? चहा अर्धा ठेवून गेला.

जुनी_एमबी
शाब्बास. पण घाई करू नका, १८६ मध्ये बाजूच्या बोळाचं काम धरलंय का ते आधी बघा. एमबीत साखळी क्रमांक असतील, कुठून कुठपर्यंत ते. त्यांनी पहिलं उत्तर हेच द्यायला नको.

खिडकीतली_तुळस
काका, आत्ता जाऊन बघून आले. बोळात काहीच नाही, मातीच आहे. पण बोळाच्या टोकाला एक बंगला आहे, गेट उघडं होतं, आत गाडी लावायच्या जागेत तसेच राखाडी ब्लॉक दिसले. बंगला कोणाचा ते इथे लिहित नाही, आणि बाजारात असे ब्लॉक कोणीही विकत घेऊ शकतो हे पण मान्य. संयुक्त मोजणीचं पत्र आलंय, पुढच्या सोमवारी सकाळी ११.

झाली_का_चहा
तुमचं शहर कुठलं ते मला पहिल्या पोस्टवरूनच कळलं होतं, तो फ्लेक्स मी रोज बघतो. मी पलीकडच्या प्रभागात राहतो. सोमवारी येतो, माझ्याकडे तीस मीटरची टेप आहे.