दोन दिवसांचा संगीत महोत्सव: सगळ्यांनी मिळून कुठे बसावं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण उघड्या मैदानावरच्या दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाला जातोय. तंबूतच मुक्काम. माझी ही पहिलीच खेप. आमच्यातल्या दोघांचं ठरलंय की दुपारपासून मंचासमोरचा कठडा धरून उभं राहायचं. एका मैत्रिणीबरोबर तिची चार वर्षांची लेक आहे, त्या दोघी मागे बसणार. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी आमची पांगापांग! सगळ्यांना एकत्र बसून नीट ऐकता येईल अशी जागा असते का? आपल्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळणारे काका सांगतील का?

*

अगं, अशी जागा असते, आणि ती कठड्यापाशी नसते.

मैदानाच्या मधोमध, मंचाच्या अगदी समोर एक छोटा मांडव दिसेल. त्यात मिक्सरवर साउंडची माणसं बसतात. कोणतं वाद्य किती वर, गायक किती पुढे, हे सगळं ती तिथे जे ऐकू येतं त्यावरून ठरवतात. त्यामुळे गाणं सर्वांत छान जुळून येतं ते त्या मांडवाच्या आसपास. थोडं पुढे किंवा बाजूला बसा. कठड्यापाशी सबवूफर, म्हणजे खालच्या दणक्याचे स्पीकर, बहुधा पायथ्याशीच असतात आणि मुख्य स्पीकर उंच टांगलेले. तिथे छातीत ठोके बसतात, शब्द मात्र हरवतात.

मागे बसायचं झालंच, तर एक ध्यानात घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शंभर मीटरवरून बघितलं तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा येतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये स्पीकरचे वेगळे मनोरे उभे करतात. त्यांना डिले टॉवर म्हणतात, कारण त्यांतून आवाज मुद्दाम तेवढाच थांबवून सोडलेला असतो. नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. असा मनोरा असेल तर त्याच्या पलीकडे जरा अंतर ठेवून बसा. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम असते आणि आवाज वर वळतो. संध्याकाळी जमीन निवली की तोच आवाज खाली वळून लांबवर पोचतो. म्हणजे दुपारी जिथे पुसट वाटलं, तिथे रात्री भरपूर ऐकू येईल. उगाच पुढे सरकू नका.

आता कानांचं. हे मी कळकळीने लिहितोय. सव्विसाव्या वर्षी मीही मित्रांबरोबर दोन दिवस स्पीकरला खेटून उभा होतो. परत आलो तेव्हा कानात बारीक शिट्टी वाजत होती. दोन-तीन दिवसांत जाईल म्हणालो, बहुतेकांची जातेही. माझी गेली नाही. आज तंबोरा जुळवताना चार तारांच्या वर ती पाचवी, कुठल्याच स्वरात न बसणारी तार मला ऐकू येते. प्रत्येक कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या सुमारे १६,००० केसपेशी असतात. पक्ष्यांच्या त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाहीत.

हिशोब सोपा आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल सरासरीही १०० डेसिबलच आहे. म्हणजे आयोजकांनी सगळं नियमात ठेवलं, तरी पूर्ण संध्याकाळ उघड्या कानांनी ऐकणं जास्तच होतं.

*

काकांच्या लिहिण्यात माझी थोडी भर. कठड्याजवळ जाणाऱ्या त्या दोघांना सांग, एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की गर्दी आपल्या मर्जीने हलत नाही, पाण्यासारखी लोटत नेते. अशा वेळी जीव जातो तो बहुतेकदा तुडवल्यामुळे नाही, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे. दोन्ही हात छातीसमोर धरायचे, लोटाच्या उलट ढकलायचं नाही, आणि लोट ओसरला की तिरपं चालत कडेला यायचं. दोन्ही बाजूंनी खांदे लागायला लागले, की गाणं कितीही रंगलेलं असो, तिथून निघायचं.

आणि फोनवर विसंबू नका. हजारो माणसं एका जागी आली की कॉल लागत नाहीत. साधा मेसेज कधीकधी जातो. भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. 'मंचाच्या डावीकडे' असं नको, कारण रात्री डावं-उजवं कुणालाच कळत नाही. नंबर लिहिलेला एखादा दिव्याचा खांब बघून ठेवा.

*

काका, ताई, खूप आभार. दोन शंका. इअरप्लग घातले की गाणं कोंदट नाही का वाटणार? आणि छोटीचं काय?

*

फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात, म्हणून कोंदट वाटतं. संगीतासाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात. पहिली दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटेल, मग कान सरावतात. फोमचेच असतील तर बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की नीट बसले समज. अर्धवट बसवलेला प्लग फारसा उपयोगाचा नाही.

छोटीचे कान लहान, तिथे प्लग बसत नाहीत. तिला कान बाहेरून झाकणारा लहान मुलांचा इअरमफ हवा, आणि तरीही मधूनमधून शांत जागी न्यायचं. तिने स्वतःहून कानांवर हात ठेवले, तर लगेच उठा. ती नखरे करत नसते.

*

सहा जोड्या आणि एक इअरमफ आले. मांडवाजवळ बसायचं ठरलंय. कठडावाले दोघं एकाच गायकापुरते पुढे जातील आणि गर्दी दाटायच्या आत परत येतील, असं कबूल झालंय. छोटी इअरमफ घालून घरभर फिरतेय, म्हणजे त्या दिवशी तरी तो काढून फेकणार नाही.