मोफत वकील मिळतोच, मग सल्ला देणाऱ्या संस्थांना मदत कशाला?

सातपुडा-पायथा, शहादा

धुळ्याच्या एका वकीलसाहेबांनी काल असे लिहिले की, शासन गरिबांना मोफत वकील देते आणि विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे, तेव्हा कायद्याचा सल्ला देणाऱ्या संस्थांना अनुदान किंवा देणगी देणे म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा मोजणे होय. हे वाचून गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ आपणा सर्वांना ठाऊक आहे. महिला, अनुसूचित जातीजमातींचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता वकील मिळतो. परंतु तो वकील मिळण्यासाठी आपल्यापुढे उभी राहिलेली अडचण कायद्याची आहे, हे आधी माणसाला कळावे लागते. माझ्या ओळखीतील अक्राणी तालुक्यातील एका बाईंचा वनदावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा वनहक्क कायद्याखालील दावा, उपविभागीय समितीने नाकारला आणि तो कागद घरात तसाच पडून राहिला, कारण त्याविरुद्ध साठ दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एका संस्थेच्या कार्यकर्तीने तो कागद वाचला, तेव्हा दावा केवळ उपग्रह छायाचित्राच्या आधारे नाकारल्याचे तिच्या लक्षात आले. असे छायाचित्र पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही, असे वनहक्क कायद्याचे २०१२ साली सुधारलेले नियम सांगतात. तिने गावातील वृद्धांचे जबाब लिहून घेतले, मुदतीत अर्ज करून दिला आणि दावा फेरतपासणीला गेला. या सगळ्यात न्यायालय कोठेच आले नाही. धडगावहून नंदुरबारला जाऊन येण्यात दिवसाची मजुरी बुडते, तेथे केवळ ‘काही करता येईल का’ एवढे विचारायला कोण जाणार?

शिवाय त्याच अधिनियमाच्या कलम ४ मध्ये स्वयंसेवी संस्थांना विशिष्ट योजनांसाठी अनुदान देणे आणि तळागाळात काम करणाऱ्या संस्थांचे सहकार्य मिळवणे, ही राष्ट्रीय प्राधिकरणाची कामे म्हणून नमूद आहेत. ज्याला वकीलसाहेब दुबार खर्च म्हणतात, तो कायद्यानेच योजलेला आहे.

पांझराकाठचा वकील, धुळे

ताई, ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. आपण यशाची एक गोष्ट सांगितलीत, आता दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. शिंदखेडा तालुक्यातील एका शेतकऱ्याने व्यापाऱ्याला कापूस विकला आणि त्याचा धनादेश वटला नाही. तो एका संस्थेकडे गेला. तेथील कार्यकर्त्याने सद्भावनेने व्यापाऱ्याशी बोलणी सुरू केली आणि ती लांबतच गेली. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते, हे त्या कार्यकर्त्याला माहीत नव्हते. माणूस माझ्याकडे आला तेव्हा ते तीस दिवस उलटलेले होते आणि धनादेशाची तीन महिन्यांची वैधताही संपलेली होती. कलम १३८ चा, म्हणजे न वटलेल्या धनादेशाबद्दल फौजदारी तक्रारीचा, मार्ग बंद झाला. माझ्या हातून असे घडले असते, तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली माझी चौकशी होऊ शकली असती. त्या कार्यकर्त्याला कोण विचारणार? पैसा द्यायचाच असेल, तर तो तालुका विधी सेवा समित्यांना आणि पीएलव्हींना, म्हणजे प्राधिकरणाने नेमलेल्या विधी स्वयंसेवकांना, द्यावा, कारण तेथे किमान न्यायाधीशांची देखरेख असते.

केळी बागायतदार, रावेर

देखरेखीचे नाव काढलेत म्हणून लिहितो. पीककर्ज थकले की प्राधिकरणाचे नाव छापलेली लोकअदालतीची नोटीस घरी येते, आणि गावाला वाटते की वॉरंट आले. माझे वडील गेल्या वर्षी असेच धास्तावून गेले आणि बँकेच्या माणसाने पुढे केलेल्या तडजोडीवर सही करून आले. करपा पडून बाग गेलेली असताना एवढे हप्ते कोठून भरणार, हे त्यांना तेथे कोणीही विचारले नाही. सरकारी विधी सेवा ती हीच असेल, तर मला तिचे कौतुक ऐकवू नका.

निवृत्त शिरस्तेदार, भुसावळ

जिभाऊ, राग समजतो, परंतु माहिती नीट असावी. दावा दाखल होण्यापूर्वीच्या प्रकरणात लोकअदालतीला गेलेच पाहिजे असे नाही आणि गेल्यावर सही केलीच पाहिजे असेही नाही. दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय तेथे निवाडा होत नाही. तडजोड झाली नाही, तर बँकेला दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो आणि तेथे आपले म्हणणे मांडता येते.

केळी बागायतदार, रावेर

हे सही करण्यापूर्वी सांगणारा माणूस वडिलांच्या शेजारी कोण होता, नाना?

पांझराकाठचा वकील, धुळे

लोकअदालतीवर सरसकट चिखल उडवू नये. हजारो मोटार अपघात दावे तेथे मिटतात आणि कोर्ट फी परत मिळते. ज्येष्ठांनी सही करण्यापूर्वी वाचले नाही, याचा दोष पॅनेलवर बसलेल्या न्यायाधीशांना देणे मला मान्य नाही.

केळी बागायतदार, रावेर

माझे वडील चौथी शिकलेले आहेत, वकीलसाहेब. त्यांनी वाचले नाही, हे वाक्य तुम्ही लिहिलेत याचे मला अतिशय वाईट वाटले. लोकअदालतीत एकदा निवाडा झाला की विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते, हे आम्हाला सही झाल्यावर कळले. ज्या कागदावर अपीलच नाही, त्यावर सही करण्याआधी सल्ला मिळू नये काय?

पांझराकाठचा वकील, धुळे

वडिलांविषयीचे वाक्य कठोर होते, तेवढे मागे घेतो. आता आपण काढलेल्या मुद्द्यावर. बँकेच्या नोटिशीला उत्तर देताना मुदत संपण्यापूर्वी कर्जाची लेखी कबुली दिली, तर मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. ही बाब कोणत्या कार्यकर्त्याला ठाऊक असते? आपलाच मुद्दा सांगतो की सल्ला देणारा वकीलच असला पाहिजे.

शाळेतील बाई, चोपडा

वकील असणे पुरेसे असते काय? माझ्या बहिणीला पोटगीच्या प्रकरणात मोफत वकील मिळाला. पहिल्याच भेटीत त्यांनी टायपिंग आणि झेरॉक्सच्या नावाखाली पैसे मागितले, आणि पुढील तारखांना ते कधी हजर असत तर कधी नसत. मोफत नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात, हे तिला एका महिला समुपदेशन केंद्रातील ताईंनी सांगितले, प्राधिकरणाच्या सचिवांकडे वकील बदलून मागण्याचा अर्जही त्यांनीच लिहून दिला. तो अर्ज झाला नसता, तर तिने प्रकरण सोडून दिले असते.

पांझराकाठचा वकील, धुळे

पैसे मागणाऱ्याची तक्रार झालीच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. परंतु एका माणसावरून मोफत वकिलांच्या सगळ्या पॅनेलला बोल लावू नका. आम्हाला मिळणारे मानधन किती अल्प असते आणि ते किती उशिरा हातात पडते, हे आपण कधी विचारले आहे काय? फौजदारी प्रकरणांसाठी २०२२ पासून पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची पद्धत आली, तसे दिवाणी आणि कौटुंबिक बाजूलाही करा, म्हणजे संस्थांची गरजच उरणार नाही.

शिरपूरकर, सध्या लेस्टर

येथे जे झाले ते सांगतो. इंग्लंडमध्ये १९७० पासून वस्तीपातळीवर कायदा केंद्रे आहेत आणि सरकारी विधी साहाय्याचे काम कराराने वकिलांच्या कार्यालयांबरोबरच ना-नफा संस्थांनाही मिळते. २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून कर्ज, सरकारी भत्ते आणि घटस्फोटानंतरच्या मुलांच्या ताब्यासारखी बहुतेक प्रकरणे या साहाय्यातून वगळली गेली. त्यामागचे एक मोठे कारण खर्चात बचत हे होते. त्यानंतर अनेक सल्ला केंद्रे बंद पडली आणि कौटुंबिक न्यायालयांत वकिलाविना उभे राहणारे लोक वाढले. सुरुवातीचा सल्ला बंद केला, तरी भांडणे तशीच न्यायालयात पोहोचली.

पांझराकाठचा वकील, धुळे

तेथील संस्थांवर करारातील अटी आणि तपासणी असते. आपल्याकडे काय असते?

सातपुडा-पायथा, शहादा

धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, परंतु त्यातून पैसा कोठे गेला एवढेच कळते, दिलेला सल्ला बरोबर होता की चूक हे कळत नाही. इतपत तुमचे म्हणणे रास्त आहे. मात्र त्यावरून संस्था नकोत असे ठरत नाही. कापसाच्या त्या शेतकऱ्याचे नुकसान झाले, ते त्या संस्थेत आठवड्यातून एक दिवससुद्धा बसणारा वकील नव्हता म्हणून. तसा वकील ठेवायला पैसे लागतात आणि तेच पैसे देऊ नका असे तुम्ही सांगत आहात. संस्थांना इमारत नको आहे. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीचा प्रवासखर्च, तिला तेथील पावरी बोली येत असावी ही अट आणि तिने दिलेला प्रत्येक सल्ला तपासणारा एक वकील, एवढे झाले तरी धडगाव-मोलगीकडच्या माणसाचा कागद साठ दिवसांच्या आत कोणीतरी वाचेल. पीएलव्हींविषयी मला आदर आहे, परंतु नेमल्या दिवसापुरते मानधन मिळणाऱ्या माणसाने पाड्यापाड्यांवर जाऊन महिनोन्महिने एक दावा सांभाळावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

केळी बागायतदार, रावेर

आणि लोकअदालतीच्या दिवशी दाराशी असाच एक माणूस बसवा, बँकेचा नसलेला.

पांझराकाठचा वकील, धुळे

दाराशी सल्ल्याचे टेबल असावे, हे मला पटते, आणि त्यासाठी मी स्वतः विनामूल्य बसेन. संस्थांच्या बाबतीत माझ्या दोन अटी आहेत. माणूस आला त्याच दिवशी त्याच्या कागदावर मुदतीची शेवटची तारीख लिहिली जावी, आणि प्रत्येक लेखी सल्ल्यावर सनदधारक वकिलाची सही असावी. जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायच्या निवेदनात या दोन्ही अटी घातल्यात, तर मी त्यावर सही करतो. अटींशिवाय अनुदान मागणार असाल, तर माझा विरोध आहे तसाच राहील.

सातपुडा-पायथा, शहादा

पहिली अट मान्य आहे. दुसरीत ‘सात दिवसांच्या आत’ असे घालावे लागेल, कारण आमच्या बाजूला वकील रोज मिळत नाही. मसुदा रविवारी येथेच ठेवते. बागायतदार भाऊ, टेबलाचा मुद्दा तुम्ही लिहून पाठवा.