हुशार मुलाला 'वाढीव वेळ' दिला की झालं का?

पाटीपेन्सिल:
बुद्धीने वर्गाच्या पुढे, पण वाचन, लेखन किंवा लक्ष टिकवणं जड जातं, अशा मुलांच्या मदत-आराखड्यात पहिली ओळ ठरलेली असते: वाढीव वेळ. माझ्या मते आधी कामाचा ढीग कमी करा. एकाच रीतीची 20 गणितं असतील तर त्यातली सर्वांत अवघड 5 आधी द्या. 4 बरोबर आली की उरलेली माफ, आणि त्या वेळात वरच्या पातळीचं काम. रीत कळलेल्या मुलाला तेच पुन्हा पुन्हा लिहायला लावलं की पुढेपुढे चिन्हं चुकतात, आकडे एकाखाली एक राहत नाहीत, आणि शेरा पडतो: 'येत नाही'.

बाराखडी:
अजिबात पटलं नाही. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) तुम्ही एकाच पोत्यात भरलेत. डिस्लेक्सियात मूल शब्द जुळवत वाचतं, तिथे वेळ खरोखर कमी पडतो. शिवाय गणितं माफ करा हवं तर, वाचनाचा सराव कसा माफ करणार? अक्षर पाहताच ध्वनी आपोआप उमटायला सरावच लागतो, बुद्धी कितीही तल्लख असो. अशी मुलं संदर्भावरून अंदाज बांधत वाचतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. 'टमगूळ', 'पिसरोक' असे निरर्थक शब्द वाचायला देऊन बघा. तिथे अंदाज चालत नाही, अडचण लगेच उघडी पडते.

पाटीपेन्सिल:
वाचनाच्या सरावाबद्दल मान्य, तो रोज आणि थोडाथोडाच हवा. पण विज्ञानाचा धडा त्याच वेळी ऐकून शिकू द्या, नाहीतर वाचन सुधारेपर्यंत डोकं उपाशी राहतं. एडीएचडीबाबत मात्र मी ठाम आहे. 60 मिनिटांच्या पेपरला सलग 75 मिनिटं दिली तर शेवटची 15 बहुतेकदा खिडकीबाहेर जातात. 25 मिनिटांनी घड्याळ थांबवून 5 मिनिटं उठू द्या, प्रश्न एका पानावर एकच ठेवा. तीच मिनिटं जास्त कामी येतात.

उलटतपासणी:
दोघेही चाचणीच्या अहवालाबद्दल बोलत नाही आहात. वेक्स्लर या बुद्धिमत्ता चाचणीत सरासरी 100 धरतात. भाषिक आकलन 135 म्हणजे साधारण वरचा 1 टक्का, आणि प्रोसेसिंग स्पीड (साधी कामं उरकण्याचा वेग) 85 म्हणजे 100 पैकी जवळजवळ 84 मुलं पुढे. यांचा एकत्रित आकडा काढला की मूल 'बरं' दिसतं: ना हुशारांच्या वर्गात, ना मदतीच्या यादीत. वर्किंग मेमरी (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणं) आणि वेग वगळून काढलेला निर्देशांक अहवालात मागून घ्या. आणि खरं सांगायचं तर 'जास्त लक्ष देईल' हे उद्दिष्टच नव्हे. 'सूचना मिळाल्यावर 2 मिनिटांत काम सुरू करेल, 5 पैकी 4 वेळा' असं लिहा, कोण मोजणार तेही लिहा, आणि 6 ते 8 आठवड्यांनी तपासा.

बाराखडी:
मोजमाप हवंच. लेखनिकाबद्दलही तेवढंच काटेकोर राहा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच लेखनिक दिला तर मूल गडबडतं. तोंडी सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे: आधी मुद्दे मनात लावणं, वाक्य पूर्ण सांगणं, 'नवा परिच्छेद' म्हणणं, मागचं वाचून घेणं. त्याचा सराव वर्गातल्या साध्या कामात आधी काही आठवडे हवा. टंकलेखनाचंही तसंच. बोटं कळा शोधत असतील तर हस्ताक्षरापेक्षा वेग कमीच पडतो.

पाटीपेन्सिल:
हे पूर्ण पटलं. एकच गोष्ट मी सोडणार नाही. गृहपाठ अपुरा राहिला म्हणून वरच्या पातळीचं काम काढून घेणं आराखड्यातच स्पष्ट बंद करा.

बाराखडी:
बंद करा, पण त्याच ओळीत गृहपाठाची वेळेची मर्यादाही लिहा. 30 मिनिटं झाली की वही मिट, पालकाची सही, उरलेलं माफ.