अमली पदार्थांच्या गुन्ह्यावर किती वर्षांनंतरही खटला भरता यावा?

एडिसनकर:
न्यू जर्सीत बहुतेक गंभीर गुन्ह्यांसाठी, त्यात अमली पदार्थांचेही आले, ५ वर्षांत खटला भरावा लागतो; किरकोळ गुन्ह्यांना १ वर्ष. वायोमिंगमध्ये मुदतच नाही. मला न्यू जर्सीचं योग्य वाटतं. अशा खटल्यांत साक्षीदार बऱ्याचदा दुसरा आरोपी नाहीतर पोलिसांचा खबरी असतो. दहा वर्षांनी फोनच्या नोंदी मिळत नाहीत, शेजारी घर सोडून गेलेले असतात. ‘त्या रात्री मी तिथे नव्हतो’ हे माणसाने कशाच्या जोरावर दाखवायचं?

रानवाट:
अजिबात पटलं नाही. पुड्या विकणारं पोर जागेवरच सापडतं, त्याला मुदतीचा काय उपयोग? फायदा होतो तो माल पाठवणाऱ्याला, कारण त्याच्यापर्यंत पोचायलाच वर्षं जातात. न्यूयॉर्कने ‘ए’ वर्गाच्या गुन्ह्यांना मुदत ठेवलेली नाही. आठ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम हेरॉइन बाळगणं त्यातच येतं.

एडिसनकर:
@रानवाट, २२७ ग्रॅम घेऊन फिरणारा टोळीचा म्होरक्या नसतो हो, हमाल असतो. म्होरक्यासाठी तरतूद आहेच: कट चालू आहे तोवर त्याची मुदत सुरू होत नाही आणि न्यू जर्सीत फरारी आरोपीला मुदतीचा आधार घेता येत नाही.

रानवाट:
कट सिद्ध करायला आतला माणूस फुटावा लागतो. तो सहाव्या वर्षी फुटला तर? जिचा मुलगा फेंटानिलने गेला त्या आईला ‘उशीर झाला’ म्हणून सांगायला तुम्ही जाल का?

शाईपेन:
ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आपल्या लोकांसाठी मध्येच बोलतो. मुदत संपली की फक्त फौजदारी खटला टळतो. मुलाखतीत अमली पदार्थाच्या गुन्ह्याची रीतसर कबुली दिली, तर शिक्षा झालेली नसतानाही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. गांजासुद्धा यात येतो. न्यू जर्सीने २०२१ मध्ये प्रौढांना मोकळीक दिली, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे. कृपा करून मुलांना हे सांगा आणि वकिलाला विचारल्याशिवाय अशा प्रश्नाचं उत्तर देऊ नका.

एडिसनकर:
@शाईपेन, म्हणजे कॉलेजातली एक चूक जन्मभर पाठ सोडत नाही. मग निदान राज्याने तरी कुठेतरी थांबावं, एवढंच माझं म्हणणं.

रानवाट:
स्वतःपुरतं बाळगणाऱ्यासाठी सरसकट १ वर्ष करा, मी पाठिंबा देईन. विकणाऱ्याला मात्र मुदत नको.