ऐन गर्दीत कॅक्टीचा ग्राफ खाली का पडतो?

रात्रपाळी:
कॉलेजच्या नेटवर्कची उस्तवार माझ्या एकट्याकडे आहे. मुख्य स्विचचा १ जीबीपीएस अपलिंक (बाहेर जाणारी मुख्य लाइन) कॅक्टीवर, म्हणजे नेटवर्कच्या वापराचे ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर लावलाय, दर ५ मिनिटांनी पोलिंग, म्हणजे स्विचला आकडे विचारणं. सकाळी ग्राफ शहाण्यासारखा ११० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट) चढतो. ११ वाजता सगळ्या लॅब भरल्या की धाडकन ३५ वर! त्याच वेळी स्विचवर लॉगिन करून पाहिलं तर १५० च्या आसपास. हाच ग्राफ घेऊन प्राचार्यांकडे जादा बँडविड्थ मागायला गेलो, तर म्हणाले, "अहो, गर्दीच्या वेळी तर वापर कमीच दिसतोय." शिवाय अधूनमधून सगळ्याच ग्राफांत एकदम फटी पडतात. केबल बदलून झाली.

पॅचकॉर्ड:
कॅक्टी ज्या भाषेत स्विचला आकडे विचारतं ते एसएनएमपी यूडीपीवर चालतं; त्यात पॅकेट पोचल्याची खात्री नसते, लोड आला की गळतात. टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) वाढवून बघा.

रात्रपाळी:
वाढवला. फटी उलट जास्त झाल्या.

जुनं खोड:
टाइमआउट आधी होता तिथे आणा. दुखणी दोन आहेत.

पहिलं: डिव्हाइस एसएनएमपी व्हर्जन १ वर असणार. त्यात गेलेले बाइट मोजणारा ६४ बिट काउंटर मिळतच नाही. ३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यावर येतो. ५ मिनिटांत तेवढे बाइट म्हणजे सरासरी ११४.५ एमबीपीएस. काउंटर मध्येच उलटला तर आरआरडीटूल (कॅक्टीचे आकडे साठवणारा प्रोग्रॅम) सांभाळून घेतं, पण पूर्ण एक फेरा होऊन पुढे गेला तर ते त्याला कळायला मार्गच नाही. १५० वजा ११४.५ करून बघा, तुमचे ३५ आले.

फटींसाठी लॉगमधली 'सिस्टम स्टॅट्स'ची ओळ बघा. एका पोलिंगची वेळ ३०० सेकंदांना टेकलीय का? ५ मिनिटांत सगळं विचारून झालं नाही तर फट पडते. आणि काढून टाकलेले स्विच यादीत अजून आहेत का?

रात्रपाळी:
लाज वाटते सांगायला. वेळ २९८. जुन्या लॅबचे २४ पोर्टांचे ३ स्विच भंगारात गेले, यादीत तसेच. फायरवॉल पिंग अडवतो म्हणून बंद डिव्हाइस ओळखण्याची सोय मीच बंद केली होती. म्हणजे ७२ पोर्ट, प्रत्येकी येणारे आणि जाणारे बाइट असे १४४ प्रश्न, प्रत्येकाला अर्ध्या सेकंदाचे ३ प्रयत्न: २१६ सेकंद नुसती भंगाराची वाट बघण्यात! ते काढले, व्हर्जन २ केलं, ६४ बिटचे नवे ग्राफ बनवले. आज ११ वाजता १५२. जुने आकडे मात्र गेले ते गेलेच, प्राचार्यांकडे जायला आता महिनाभर थांबतो.