मदत हवी आहे: मोहरी, तीळ, दाणे न घालता शाळेनंतरच्या सहा मुलांसाठी एकाच भांड्यातलं जेवण

निळीसायकल:

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते, माहेर सांगलीचं. दोन वर्षांपूर्वी ऑफस्टेडकडे (शाळा-पाळणाघरांची तपासणी करणारी इथली सरकारी संस्था) नोंदणी करून घरीच मुलं सांभाळायला सुरुवात केली. इथे अशा बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात. आपल्याकडचं घरगुती पाळणाघरच, पण नियम बरेच. आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात आणि त्यात स्वतःचं मूलही धरावं लागतं. मी एकटीच आहे, हाताखाली कुणी नाही.

सव्वातीनला शाळा सुटते, पावणेचारला आम्ही घरी. आईवडील साडेपाच-सहापर्यंत न्यायला येतात. त्यामुळे संध्याकाळचं जेवण पावणेपाचला माझ्याकडेच होतं. इथे त्याला 'टी' म्हणतात, म्हणजे चहा नव्हे, पोटभर जेवण.

मुलं अशी: माझी लेक सात वर्षांची. पोलिश घरातली दोन भावंडं, पाच आणि सात. एका इंग्लिश घरातला सहा वर्षांचा मुलगा, त्याला मोहरी आणि तिळाची अ‍ॅलर्जी. पाकिस्तानी घरातली चार वर्षांची मुलगी, तिला शेंगदाण्याची. आणि दिवसभर माझ्याकडे असणारं दोन वर्षांचं एक बाळ. माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजत नाही, त्यामुळे हलालचा प्रश्न येत नाही.

अडचण पहिली. मोहरी, तीळ, दाणे. आपल्या स्वयंपाकातून हे तीन काढले की हात थबकतो. फोडणीत मोहरी, भाजीत कूट, गोड्या मसाल्यात तीळ. पहिल्या आठवड्यात मला काही सुचेना, म्हणून त्या मुलाच्या आईनेच घरून सँडविचचा डबा दिला. बाकीची पाच जणं वाटीतून गरम उपमा खात होती आणि तो टेबलाच्या कडेला डबा उघडून बसला. त्याने शेजारच्या वाटीत डोकावून विचारलं, यात काय आहे? त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. माझ्या टेबलावर एकाही मुलाचं ताट वेगळं नको. सगळ्यांना एकाच भांड्यातून वाढायचं, हे मी ठरवून टाकलंय. मुलांना आवडणार नाही ते मी बदलीन, पण हे बदलणार नाही.

अडचण दुसरी. सप्टेंबर २०२५ पासूनच्या नियमांत स्पष्ट आहे की मुलं खात असताना बालप्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती त्याच खोलीत हवी, आणि शक्य तिथे मुलांकडे तोंड करून बसायला हवं. ते पटतंच. घास अडकला की मूल ओरडत नाही, गप्प होतं. पण तव्याकडे तोंड केलं की माझी मुलांकडे पाठ होते. म्हणजे आपण घरी करतो तसं एकेक गरम फुलका ताटात टाकणं बंद.

तिसरी गोष्ट, किती वाढायचं? इंग्लिश आई म्हणते, तो साडेसातला झोपतो, त्याचं पूर्ण जेवण तुझ्याकडेच होऊ दे. पोलिश आईबाबा म्हणतात, आम्ही साडेसहाला सगळे एकत्र जेवतो, थोडंसंच दे. दोघांचंही बरोबर आहे आणि मुलं एकाच टेबलावर आहेत.

सध्या जिऱ्याच्या फोडणीची मुगाची खिचडी, टोमॅटो घातलेला पास्ता, भाजलेला बटाटा आणि बीन्स, ब्रेडवर बीन्स एवढंच फिरून फिरून होतं. शाळेत पहिल्या तीन इयत्तांना दुपारचं जेवण मोफत असतं (इंग्लंडमध्ये २०१४ पासून), तिथेही पास्ता, आणि माझ्याकडेही पास्ता. तुम्ही काय कराल? अगदी साधंही सांगा.

रानजाई:

ताई, मी लेस्टरला नऊ वर्षं हेच काम करते. तव्याचं सोडा, वाफेचं धरा. इडलीपात्र लावलं की बारा मिनिटं तिथे उभं राहावं लागत नाही. पीठ सकाळी तयार असतं. मुलं आली, हात धुतले, फळं खायला बसली की तुम्ही पात्र लावून त्यांच्यासमोर बसा. कुकरची खिचडी, ढोकळा, मुटके, कोथिंबीर वडी (न तळता, तीळ वगळून) हे सगळं त्याच रीतीने होतं. इडलीसोबत पातळ सांबार द्या. बाळाची इडली सांबारात पूर्ण भिजवून कुस्करा, कोरडी इडली टाळूला चिकटते. सांबार मसाला मात्र घरी करा, विकतच्यात मोहरी असू शकते.

फोडणीला जिरं, कढीलिंब, हळद, हिंग पुरे. पण हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय तेही वाचा. बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. माझ्याकडे ग्लुटेन न चालणारा एक मुलगा होता, तेव्हा मला हे कळलं आणि मी दोन दिवस डबीकडे बघत राहिले होते. इथल्या कायद्यातल्या १४ अ‍ॅलर्जींच्या यादीत गहू, मोहरी, तीळ, शेंगदाणे सगळे आहेत, त्यामुळे पाकिटावर ते ठळक अक्षरांत लिहिणं बंधनकारक आहे. विकतच्या मेयोनीजमध्ये, करी पावडरीत, चीज सॉसमध्ये मोहरी बरेचदा निघते. हमस म्हणजे काबुली चण्यांची चटणी, तिच्यात तर वाटलेले तीळ असतातच. बर्गरच्या पावावरचे तीळही विसरू नका.

आणि भाताची काळजी घ्या. दुपारी करून ओट्यावर ठेवलेला भात पाचला वाढू नका. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलाच तर तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, आणि २४ तासांच्या आत संपवायचा. फूड स्टँडर्ड्स एजन्सीचं (अन्नसुरक्षा बघणारी इथली सरकारी संस्था) चाइल्डमाइंडरांसाठी वेगळं पुस्तक आहे, 'सेफर फूड बेटर बिझनेस'. त्यात हे सगळं सोप्या भाषेत आहे.

चुलीपाशी:

मी पुण्यात पाळणाघर चालवते. आमच्याकडे पाचचा खाऊ असतो, कारण घरी जेवण नऊला. म्हणून मी मूठभरच देते: पोहे, शिरा, घावन, नाचणीची खीर. तुमच्याकडे मूल साडेसातला झोपतं म्हणजे तुमचं पावणेपाचचं ताट हेच दिवसाचं शेवटचं. ते खाऊ समजू नका, वरण-भात-भाजी असंच बघा.

मेतकूट-भात देऊन बघा. तूप, गरम भात, वर मेतकूट. मुलं दुसऱ्यांदा मागतात.

रानजाई:

चुलीपाशी, मेतकुटात मोहरी असते हो. त्या मुलाला तो घास देऊ नका, ताई. घरी बिनमोहरीचं मेतकूट करता येईल: हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू, जिरं, धणे, सुंठ, हळद. पण बाजारचं अजिबात नको.

चुलीपाशी:

अगदी बरोबर, माझ्या लक्षातच आलं नाही. आजीपासून घरात तेच मेतकूट, त्यात काय काय असतं ते मोजायची वेळच आली नाही. धन्यवाद.

उत्तरवाडी:

एक विचारते, रागावू नका. तुमचा मिसळणाचा डबा कोणता आहे? सात वाट्यांचा, मोहरीच्या शेजारी जिरं? मोहरीचे दाणे उडतात. तोच चमचा, तोच डबा, तर तुम्ही घातलेलं जिरं आधीच मोहरीत लोळलेलं असतं. माझ्या भाच्याला ही अ‍ॅलर्जी आहे. आम्ही त्याच्यासाठी निराळा डबा केला, निराळं कढलं, निराळी पळी. लाकडी कालथे आणि पोळपाट तर आधी बाजूला काढा, त्यात वास आणि कण राहतात.

आणि त्या दाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या मुलीसाठीही: सप्टेंबर २०२४ मध्ये इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मोहरी घातलेलं काहीच खाऊ नये, असा इशारा दिला होता. भारतातून आलेल्या मोहरीत दाण्याचे अंश सापडले होते. तो इशारा नंतर मागे घेतला गेला. पण तेव्हापासून आम्ही पाकिटावरची छोटी अक्षरंही वाचतो.

पाऊसवेळ:

मी पालक आहे, मँचेस्टरला, मुलगी अशाच एका ताईंकडे जाते. आमच्या बाजूने दोन गोष्टी.

किती खाल्लं हे आम्हाला कळू दे. ताई मला सहाला दोन शब्दांचा निरोप पाठवतात, 'दीड वाटी खिचडी' किंवा 'फक्त दही'. त्यावरून मी घरी काय करायचं ते ठरवते. नाहीतर मी पुन्हा ताट वाढते, मुलगी नाक मुरडते आणि आमच्या दोघींची संध्याकाळ जाते.

आणि चारला बिस्किटं नकोत. चारला भूक खरी असते, तेव्हा बिस्किट मिळालं की पावणेपाचला भाजी जात नाही. सफरचंदाच्या फोडी, केळं, गाजराच्या काड्या बाळाला वाफवून. द्राक्षं लहानांसाठी लांबीत चार तुकडे करून. भुकेलं मूल समोर असतं तेव्हा भाजी आधी वाढा, हे आमच्या ताईंनी मला शिकवलं.

निळीसायकल:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरवाडी, तुमच्या प्रश्नावर रागावण्याचा प्रश्नच नाही. मी उठून डबा उघडला, आणि जिऱ्याच्या वाटीत मोहरीचे तीन दाणे दिसले. तीन! त्याला मी चार वेळा ती खिचडी दिली होती. त्याला काही झालं नाही हे माझं नशीब, माझी खबरदारी नव्हे. त्याच संध्याकाळी मी त्याच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, सांगितलंस ते बरं केलंस. दुसऱ्या दिवशी नवा डबा आणला, त्यात मोहरीची वाटीच नाही. आमच्या घरच्या फोडणीची मोहरी आता वरच्या फळीवर, वेगळ्या बरणीत, मुलं गेल्यावरच खाली येते.

दोन आठवडे असं चाललंय. सोमवारी इडली आणि बिनमोहरीचं सांबार, त्यात भोपळा आणि गाजर मऊ शिजवून घोटलेलं. मंगळवारी पालक घातलेली मुगाची खिचडी आणि दही. बुधवारी पावभाजी: मसाला घरी कुटलेला, तिखट नाममात्र, पाव वरून साधा, बिनतिळाचा. भाजीत फ्लॉवर, मटार, बटाटा, सिमला मिरची, आणि मूठभर मसूरडाळ, म्हणजे मांस नाही म्हणून विचारणाऱ्या आईला मला उत्तर देता येतं. पोलिश धाकटा फ्लॉवर ओळखू आला तर खात नाही, घोटला की खातो. गुरुवारी अंड्याचं ऑम्लेट ओव्हनमध्ये, ट्रेमध्ये एकदम, भाज्या घालून. शुक्रवारी पास्ता ठेवलाय, तो त्यांचा हक्काचा.

मीठ मोजायला लागले. इथल्या सल्ल्याप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसभरात ३ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, १ ते ३ वर्षांच्या बाळाला २ ग्रॅम. सपाट चमचाभर मीठ म्हणजे जवळपास ६ ग्रॅम. मी आधी सहा जणांच्या खिचडीत दोन चमचे घालत होते, वर पापड. ब्रेडमध्ये आणि चीजमध्ये असतं ते वेगळंच. आता अर्धा चमचा आणि लिंबू. मोठ्यांना अळणी लागतं, मुलांना कळतही नाही.

किती वाढायचं याचं असं केलं: भांडं टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना आधी एकसारखी छोटी पळी. हवं त्याने पुन्हा मागायचं. पोलिश भावंडांना एकदाच, आणि नंतर फळ. धाकट्याने एकदा विचारलं, मला दुसऱ्यांदा का नाही? मी म्हटलं, तुझी आई घरी तुझ्यासाठी स्वयंपाक करतेय. तेवढं त्याला पुरलं. पण खरंच भूक असेल तर मी नाही म्हणत नाही, निरोपात लिहिते.

आणि तो मुलगा? आता डबा येत नाही. मंगळवारी त्यानेच सगळ्यांना चमचे वाटले.

आता पुढचं. संक्रांत जवळ येतेय. माझी लेक दरवर्षी मुलांच्या हातावर काहीतरी ठेवते आणि 'गोड बोला' म्हणते, सगळी हसतात. या वर्षी तीळ नाही, दाणे नाहीत. हलव्यातही आत तीळ असतो. काय करू?

चुलीपाशी:

हलवा साबुदाण्याचा किंवा खसखशीचा करतात. तो घरी करा, म्हणजे आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक. नाहीतर चुरमुऱ्याचे छोटे लाडू, गूळ कमी घालून, पाक फार कडक न करता. बाळाला लाडू देऊ नका, थोडा चुरमुरा गुळाच्या पाण्यात भिजवून चमच्याने द्या. चुरमुऱ्याचं पाकीट वाचून घ्या, भडंगाच्या मोहरीच्या शेजारी भरलेलं असेल तर नको.

रानजाई:

चुरमुऱ्याचे लाडूच करा, ताई. आणि मुलांनाच वळायला बसवा, हात ओले करून.